जुन्या छपरावरचा बर्फ

व्हर्ना हॉलक्विस्टच्या लोकरीच्या दुकानाचं दार त्या शनिवारी सकाळी उघडेना, तेव्हा तिने नेहमीप्रमाणे अर्विड टॉलेफसनच्या नावाने शंख केला.

"परवाच तासून दिलंस ना रे हे दार? का नुसता रंधा दाखवून गेलास?"

अर्विड मॉलच्या देखभालीचा मुख्य माणूस. वय एकसष्ट, कमरेला चाळीस किल्ल्यांचा जुडगा, आणि व्हर्नाच्या शिव्या अठरा वर्षं ऐकून घट्टे पडलेले कान. त्याने दाराला खांदा लावला. दार कुरकुरत उघडलं. मग तो वर बघू लागला आणि बघतच राहिला. गुरुवारी त्याने दाराची वरची कड करंगळीएवढी तासली होती, कोरं लाकूड अजून पांढरं दिसत होतं. आणि चौकट पुन्हा त्या पांढऱ्यावर येऊन टेकली होती.

लाकडाचं काम ज्याने जन्मभर केलं त्याला हे सांगावं लागत नाही. हिवाळ्यात बाहेर उणे दहा आणि आत रात्रंदिवस हीटर, अशा कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं. डिसेंबरात दारं ढिली होऊन खडखडतात, घट्ट होतात ती जुलैत. म्हणजे दार फुगलेलं नव्हतं, चौकटच खाली आली होती.

"असा काय बघतोस? भूत दिसलं का?" व्हर्नाने विचारलं.

"तुझ्या शेजाऱ्याचं दार कसं आहे गं?"

"चपलाबूटवाल्याचं? तोही कालपासून ओरडतोय. तुम्हा लोकांना रंधा धरता येत नाही, आणखी काय! चल, वेलदोड्याचा पाव आणलाय, खाऊन जा."

पाव न खाताच अर्विड निघाला. व्हर्नाला तिथेच कळायला हवं होतं की काहीतरी गंभीर आहे.

मिनियापोलिसच्या दक्षिणेला हा मॉल उभा राहिला १९५८ साली, बटाट्याच्या शेतात. नाव प्रेअरी गेट. शहरातले दुकानदार तेव्हा हसले होते. बटाटे उपटायला जायचं का झगे-कोट घ्यायला, असंच काहीबाही त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणलं. पहिला हिवाळा आला आणि हसणारे गप्प झाले. बाहेर नाकातला श्वास गोठत असताना आत कारंजं उडत होतं, आणि बायका कोट काढून, हातावर टाकून, संथपणे फिरत होत्या. अर्विड तेव्हा सुतारांच्या टोळीत होता. छपराच्या लोखंडी तुळया चढल्या तेव्हा त्यांच्यावर फळ्या ठोकायला तो होता. काम संपलं, टोळी गेली, हा राहिला.

मग मॉल वाढत गेला. सहासष्ट साली पूर्वेला दुसरी बाजू झाली, सिनेमाघर आलं, गाड्यांचं मैदान थेट महामार्गाला भिडलं. त्र्याहत्तरमध्ये तर कमालच झाली. जुन्या बाजूच्या वायव्येला, अगदी भिंतीला भिंत लावून, तीन मजली भव्य दुकान चिकटवलं गेलं. बसक्या जुन्या बाजूवर ते तीस फूट उंच भिंत घेऊन ओणवं उभं राहिलं. नाकापेक्षा मोती जड! प्रत्येक वेळी नवे इंजिनिअर आले, त्यांनी नवे नकाशे पसरले, प्रत्येकाने आपापल्या इमारतीचा हिशेब चोख केला. जुन्या छपराला मात्र कुणी विचारलं नाही की बाबा रे, शेजारी एवढी भिंत आली तर तुझं काय होणार. इथला वारा वायव्येचा. तो उंच भिंतीवरून येतो, पलीकडे खाली उतरताना त्याचा जोर संपतो, आणि आणलेला सगळा बर्फ तो भिंतीच्या पायथ्याशी, म्हणजे जुन्या छपरावर, टाकून मोकळा होतो.

भिंत आली त्या पहिल्या हिवाळ्यात हे कळलं नाही, कारण तेव्हा छपरातून ऊब गळायची आणि बर्फ वितळून जायचा. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तेल महागलं म्हणून, छपराखाली काचेच्या लोकरीचे जाड थर घातले. ऊब आत राहिली आणि बर्फ वर राहिला. ही थर घालायची कल्पना कुणाची? अर्विडची. ऊब वाया घालवणं म्हणजे या मुलखात पाप, आणि त्याने ते पाप थांबवलं म्हणून कंपनीने त्याचा फोटो काढून मॅनेजरच्या खोलीत लावला होता.

तो शिडी घेऊन छपराखालच्या खोट्या छतात शिरला. व्हर्नाच्या दुकानापलीकडे जुनी बाजू आणि नवी भिंत जिथे मिळतात तो मोठा चौक होता. चौकात सांताची लाल खुर्ची मांडलेली होती. तिच्या बरोबर डोक्यावरच्या तुळईला अर्विडने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधला आणि मधोमध बॅटरी धरली. सरळ तुळई दोऱ्याला चिकटून राहायला हवी. ही मधे दोऱ्याच्या चार बोटं खाली उतरली होती. बुधवारपासून बर्फ पडत होता, अजून पडत होता. त्याने तुळईवर पेन्सिलने वेळ लिहिली, साडेनऊ. खाली मुलांची रांग लागायला सुरुवात झाली होती. कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं. साडेदहाला त्याने पुन्हा बोटं लावली. पाच मावली. तो तसाच वाकून बसला होता तेव्हा अंधारात कुठेतरी एक बोल्ट टक् करून वाजला.

मॅनेजर ग्लेन क्रुश्के चौतीस वर्षांचा, दीड वर्षापूर्वी आलेला. माणूस वाईट नव्हता. दिवस वाईट होता.

"बंद करायचं?" तो म्हणाला. "आज? अर्विड, नाताळच्या आधीचा शनिवार आहे!"

"सगळं नाही. फक्त जुनी बाजू. चार तास द्या, मी भिंतीजवळचा बर्फ काढतो."

"मिनेसोटात बर्फ पडला म्हणून मॉल बंद! अहो, इथे बर्फासाठी शाळासुद्धा बंद होत नाही. संध्याकाळच्या बातम्यांत हसतील आपल्याला."

"हसू द्या. पाच बोटं वाकलीय तुळई."

ग्लेनने फोन उचलला. निदान तेवढं तरी केलं. कंपनीचा इंजिनिअर घरी नातवंडांत बसला होता. त्याने विचारलं, किती पडलाय? ग्लेनने रेडिओवर ऐकलेला आकडा सांगितला, चौदा इंच. तिकडून हसण्याचा आवाज अर्विडलाही ऐकू आला.

"चौदा इंचांनी काही होत नाही म्हणतात ते. याच्या दुप्पट पडला तरी छप्पर हलायचं नाही."

"चौदा इंच मैदानात आहे हो! भिंतीपाशी सात फूट आहे, मी पाहून आलोय. वर चला, डोळ्यांनी बघा."

ग्लेनने आपल्या पातळ चकचकीत बुटांकडे पाहिलं. "या बुटांनी?"

"माझे देतो."

"हे बघा, छपराखाली थर घाला म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? तो बघा, फोटो लावलाय तुमचा. तेव्हा नव्हती भीती?"

"तेव्हा अक्कल नव्हती," अर्विड म्हणाला. "माझीच चूक आहे ती. म्हणून तर सांगतोय."

"चूक आहे असं मोठ्याने बोलू नका," ग्लेन हळू आवाजात म्हणाला. "सोमवारी बोलावतो कुणाला तरी. आता जा."

अर्विड बाहेर आला. चौकात आता रांग कारंज्यापर्यंत गेली होती. दीडशे तरी मुलं असतील. कुणी आईच्या कडेवर, कुणी बापाच्या खांद्यावर, टोप्या-हातमोजे लोंबकळत. सांता झालेला निवृत्त पोस्टमन एकेकाला मांडीवर घेत होता. अर्विडने वर पाहिलं. खोट्या छताच्या पांढऱ्या फरशा निर्मळ दिसत होत्या, बालवाडीच्या भिंतीसारख्या. त्याला एकदम राग आला, ग्लेनचा, इंजिनिअरचा, त्या फोटोत हसणाऱ्या स्वतःचा. आगीची घंटा वाजवली तर पळापळ होईल, पोरं पायांखाली येतील. नुसतं ओरडला तर कुणी ऐकणार नाही. मग करायचं काय?

त्याच्या कमरेला चाळीस किल्ल्या होत्या. त्यातली एक विजेच्या खोलीची होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी जुन्या बाजूचे सगळे दिवे गेले. नाताळची गाणी अर्ध्या शब्दावर थांबली. खिडक्या नसलेल्या त्या लांबलचक इमारतीत काळोख झाला, मग बॅटरीवरचे चार मिणमिणते दिवे लागले. मुलं किंचाळली आणि लगेच त्यांना मजा वाटू लागली. अर्विड बॅटरी घेऊन चौकात आला.

"फ्यूज गेलाय, घाबरू नका! सगळ्यांनी कारंज्यापलीकडे, पूर्वेच्या बाजूला उजेडात चला. सांता पुढे जातोय, त्याच्या मागे जा!"

"मी कुठे जातोय?" पोस्टमन पुटपुटला.

"कारंज्यापलीकडे. आत्ता. घंटी वाजवत जा, आणि काही विचारू नकोस."

तीस वर्षं घरोघर पत्रं टाकलेला माणूस, त्याला आवाजातली घाई कळते. तो उठला, घंटी वाजवत निघाला, आणि दीडशे मुलं त्याच्या मागे निघाली. दुकानदारांनी चोऱ्यांच्या भीतीने जाळ्या ओढल्या. बारा मिनिटांत जुनी बाजू रिकामी झाली. अर्विडने दोन्ही तोंडांचे लोखंडी दरवाजे ओढून कुलपं घातली.

ग्लेन धावत आला. त्याच्या मागे व्हर्ना, कोट अर्धा घातलेला.

"फ्यूज कुठे आहेत?"

"माझ्या खिशात."

"द्या इकडे."

"नाही देणार, साहेब." अर्विडने त्याला दीड वर्षात पहिल्यांदाच साहेब म्हटलं, आणि ते मानाने म्हटलेलं नाही हे तिघांनाही कळलं.

व्हर्ना मधे पडली. "अर्विड, वेड लागलंय का तुला? वर्षातली निम्मी लोकर माझी आज खपते! पोरगी आलीय मदतीला डुलूथहून. दे ते फ्यूज."

"व्हर्ना, तुझी चौकट खाली आलीय."

"खड्ड्यात गेली चौकट!"

ग्लेनचा चेहरा पांढरा पडला होता. पण तो ओरडला नाही. "सेंट पॉलहून वायरमन बोलावतो. रस्ते असे आहेत, चार वाजतील. चार वाजता दिवे लागतील, दरवाजे उघडतील. तोपर्यंत छप्पर पडलं, तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन. नाही पडलं, तर या किल्ल्या माझ्या टेबलावर. कबूल?"

"कबूल," अर्विड म्हणाला.

मागच्या अंगणात स्टॅन व्हॉयचिक बर्फ ढकलायच्या ट्रकमध्ये बसून कॉफी पीत होता. मॉलचं मैदान साफ करण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. अर्विडने त्याला सगळं सांगितलं. स्टॅनने शांतपणे ऐकलं, आणि दुसरा कप भरून पुढे केला.

"मग बस की आत. गारठशील."

"फावडी काढ. वर जायचंय."

"कशाला?" स्टॅनने खरंच आश्चर्याने विचारलं. "अरे, आत कुणी नाही ना?"

"नाही."

"दरवाज्यांना कुलपं आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर! बर्फ पडतोय, वारा आहे. तासा-दोन तासांत ते आपोआप खाली येईल, आणि तो चकचकीत बुटांचा तुझे पाय धरेल. तू वर जाऊन बर्फ काढलास तर ते पडणार नाही. नाही पडलं तर तुझी नोकरी गेली. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस, बाबा?"

अर्विडने कप हातात घेतला. स्टॅनचं म्हणणं त्याच्याही मनात येऊन गेलं होतं, फ्यूज खिशात टाकतानाच. आणि आता ते गोड वाटू लागलं. इथे बसायचं, काचेतून बघायचं. धाडकन आवाज होईल, पांढरा धुरळा उडेल. कुणी मरणार नाही. ग्लेन बाहेर येईल, इंजिनिअरला फोन जाईल, चौदा इंचांनी काही होत नाही म्हणणारा तो इंजिनिअर! चार वर्षांनी निवृत्ती आहे, ती मानाने येईल. पड, तो मनात म्हणाला. पड एकदाचं. स्वतःच्या हातांनी फळ्या ठोकलेल्या छपराबद्दल आपण हे मागतोय याची त्याला लाज वाटली, पण मागणं काही थांबेना.

मग त्याला व्हर्नाची कपाटं आठवली. अठ्ठावन्न साली त्यानेच केली होती ती, गडद रंगापासून फिक्या रंगापर्यंत चौसष्ट खण. बूटवाल्याचं शिवायचं जुनं यंत्र. कात्र्या-चाकूवाला, घड्याळवाला. मोठी दुकानं नव्या बाजूंना गेली होती, जुन्या बाजूत उरले होते ते बटाट्याच्या शेतावर विश्वास ठेवून पहिल्या दिवशी आलेले लोक. छप्पर पडलं तर कंपनी ते पुन्हा बांधेल, आणि यांना परत आत घेणार नाही. सगळं मोकळं मैदान मिळालं म्हणून खूश होईल.

"स्टॅन," तो म्हणाला, "आजवर कुणाचं नुकसान थांबवता येत असताना बघत बसलो नाही मी. आता एकसष्टाव्या वर्षी कुठे शिकू? दोरी आण."

"मूर्ख आहेस."

"तू नको येऊस मग."

"मूर्खांना एकटं सोडू नये म्हणायची माझी आई," स्टॅन म्हणाला आणि सीटखालून दोरी ओढू लागला.

वर वारा चेहरा सोलत होता. भिंतीच्या पायथ्याशी बर्फाची टेकडी होती, अर्विडच्या डोक्यापेक्षा उंच, वाऱ्याने ठोकून घट्ट केलेली. उंच भिंतीवरच्या लोखंडी शिडीला दोघांनी आपापल्या दोऱ्या बांधल्या. टेकडीवर चढायचं नाही, मधोमध जायचं नाही, कडेच्या भक्कम भिंतीवर उभं राहून बर्फाची एकेक वीट कापत आणायची आणि अंगणात ढकलायची. पहिला तास कुणी बोललं नाही. एकदा पायाखालून लांबलचक कण्हल्यासारखा आवाज आला. दोघं दोरी धरून गोठले. स्टॅनने छातीवर क्रूसाची खूण केली. आवाज थांबला, तशी अर्विडने पुन्हा फावडं मारलं.

दोनच्या सुमारास त्याच्या छातीत कळ आली. तो खाली बसला, बर्फाचा गोळा तोंडात टाकला, पुन्हा उठला. तीनला टेकडी कमरेएवढी राहिली. साडेतीनला गुडघ्याएवढी. तो खाली उतरला, कुलूप काढून खोट्या छतात शिरला आणि दोऱ्याला बोटं लावली. दोन. तुळई वर आली होती. जणू तिने धरलेला श्वास सोडला होता. अर्विडने आपलं कपाळ त्या गार लोखंडावर टेकवलं.

चारला वायरमन आला, दिवे लागले, गाणी अर्ध्या शब्दापासून पुढे सुरू झाली. ग्लेन चौकात आला, मान वर करून त्याने सबंध छत पाहिलं. दुकानदार जाळ्या वर करत होते, पण कान इकडेच होते.

"पडलं नाही," ग्लेन म्हणाला.

"बर्फ काढलाय मी."

"पण तुम्ही काढायला सुरुवात केलीत साडेबाराला. सकाळपासून तोपर्यंत का नाही पडलं?"

अर्विडने उत्तर शोधून पाहिलं, खरोखर शोधलं. तुळईवरच्या पेन्सिलच्या खुणा? त्या त्याच्याच हाताच्या. बोटं त्याचीच. जे घडलं नाही त्याचा पुरावा आणायचा कुठून? स्टॅन काही बोलणार होता. अर्विडने त्याला मानेनेच नको म्हटलं, आणि जुडगा कमरेवरून सोडून ग्लेनच्या हातात ठेवला.

"सोमवारी माणूस बोलावणार होतात, तो मात्र बोलवा," तो म्हणाला. "वारा अजून आहे."

ग्लेनने मान डोलावली. तो बोलावील असं अर्विडला वाटलं. बोलावील, पण कुणाला सांगणार नाही!

व्हर्ना त्याच्याकडे न बघता लोकरीच्या टोपल्या बाहेर मांडत होती. "अठरा वर्षांची ओळख," ती टोपल्यांना म्हणाली, "आणि अख्खा शनिवार वाया घालवलास माझा." तो थांबला, पण ती वळली नाही. तिची मुलगी खालच्या खणातून वरच्या खणात लोकर लावत होती.

बाहेर पडायच्या दारात एक तरुण बाई लगबगीने आत येत होती. कडेवर दोन वर्षांची मुलगी, लाल टोपीतली. अर्विडच्या अंगावरचा गणवेश बघून तिने विचारलं, "अहो, सांता आहे ना अजून? दुपारी आलो तर सगळं बंद. काय झालं होतं?"

"छपरावरचा बर्फ काढत होतो."

"एवढ्याशा बर्फासाठी?" ती हसली. "इथे मिनेसोटात?"

"हो," अर्विड म्हणाला, "एवढ्याशासाठीच."

त्याने दार तिच्यासाठी धरून ठेवलं. ती चौकात पोचली, रांगेच्या शेवटी उभी राहिली, आणि मुलीची टोपी काढून तिचे केस सारखे करू लागली.